सोलापुरात ट्रकचालक व्हायचंय? क्लीनरच्या सीटपासून स्टिअरिंगपर्यंत

सोलापूरला मालाची कमी नाही. मार्केट यार्डातून कांदा निघतो, सांगोल्याकडून डाळिंब, कारखान्यांतून साखर, अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलच्या गाठी, होटगीकडून सिमेंट, पाकणीच्या डेपोतून डिझेल. पुणे-हैदराबाद महामार्ग इथूनच जातो. विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि मंगळवेढ्याकडचे रस्तेही इथेच येऊन मिळतात. तरी दोन-चार गाड्यांचा मालक म्हणतो, ड्रायव्हर मिळत नाही. आणि नवं लायसन्स घेऊन दारात आलेल्या पोराला तोच मालक विचारतो, "अनुभव किती?"

अनुभव आणायचा कुठून, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. मग तो ओळखीतून मिळेल ती गाडी धरतो, पहिल्याच महिन्यात भरलेली दहा टायर घेऊन रात्रीचा निघतो, आणि पुढचं नशिबावर. अठरा ते बावीस या वयातली मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी मी हे लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे: लायसन्स हातात येणं ही शिक्षणाची सुरुवात समजा, आणि त्यानंतरचं किमान एक वर्ष चांगल्या वस्तादाच्या, म्हणजे जुन्या अनुभवी ड्रायव्हरच्या, शेजारी बसून काढा. नोकरी निवडताना पगाराआधी वस्ताद बघा.

पैसे भरण्याआधी डोळे तपासा

बरेच जण ड्रायव्हिंग स्कूलची फी भरतात आणि डॉक्टरकडे शेवटी जातात. उलट करा. ट्रान्सपोर्ट वाहनाच्या लायसन्सला फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरने तपासून दिलेलं प्रमाणपत्र लागतं. त्यात दूरची नजर, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, ऐकू नीट येतं का, हे सगळं येतं. चष्मा असला तर काही बिघडत नाही. चष्मा लावून दिसलं पाहिजे. रंग ओळखण्यात मात्र अडचण असेल तर ती आत्ताच कळलेली बरी, दोन वर्षं घालवल्यावर नको. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे खरी तपासणी करून घ्या. शंभर-दोनशे रुपयांत न बघता सही करून देणारे भेटतील, पण त्या कागदाने रात्री समोरच्या लाइटच्या झोतात दिसायला लागत नाही. फिट्स येत असतील तर लपवू नका, ही लाइन सोडा. आईवडिलांनीही यात भीड धरू नये.

लायसन्सचा क्रम

अठरा वर्षं पूर्ण झाली की हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं लर्निंग काढा. अर्ज सारथी पोर्टलवर होतो. लर्निंगची मुदत सहा महिने असते, आणि पक्क्या लायसन्सची चाचणी लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवसांनंतरच देता येते. सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांचं काम एमएच-१३ च्या आरटीओ कार्यालयात होतं. अकलूज भागासाठी एमएच-४५ वेगळं आहे. अर्ज करण्याआधी आपला तालुका कुठे मोडतो ते बघा, नाहीतर हेलपाटा होतो.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात, आणि ट्रान्सपोर्टच्या लर्निंगसाठी आधी एक वर्ष हलक्या वाहनाचं पक्कं लायसन्स हातात असावं लागतं. म्हणजे अठराव्या वर्षी एलएमव्ही काढलं तर विसाव्या वर्षी तुम्ही तयार. एकोणीस संपेपर्यंत आळस केला तर वीस उलटूनही वर्षभर थांबावं लागेल. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये केंद्राने काढून टाकली. तरी वाचता-लिहिता आलंच पाहिजे, कारण बिल्टी (मालाची वाहतूक पावती), ई-वे बिल (मालाचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) आणि परराज्यातल्या पाट्या कोणी वाचून दाखवत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एक महत्त्वाचा निकाल दिला. एलएमव्ही लायसन्सवर एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती, पिकअप आणि लहान टेम्पो त्यात येतात. जड गाडीकडे जाण्याआधीची ही पायरी तुम्हाला कायदेशीरपणे मोकळी आहे.

मोठ्या वाहनासाठी ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ चं प्रमाणपत्र लागतं. नियमात हे प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान पंधरा तासांचं आहे. पंधरा तास तुमच्या हातात स्टिअरिंग. शेजारी बसून बघण्याचे तास त्यात धरायचे नाहीत. शाळा निवडताना तीन गोष्टी विचारा. मोठी गाडी शाळेची स्वतःची आहे का, आणि ती आज कुठे उभी आहे? एका फेरीला किती मुलं बसवता? आणि फॉर्म १५ चं रजिस्टर दाखवाल का? प्रत्येक शिकणाऱ्याने किती तास गाडी चालवली याची नोंद त्या रजिस्टरमध्ये ठेवणं शाळेला बंधनकारक आहे. रजिस्टर दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरी शाळा बघा. 'यायची गरज नाही, सर्टिफिकेट मिळेल' असं म्हणणाऱ्याकडे तर पैसे देऊच नका. त्याने तुमचे पंधरा तास विकून खाल्ले असं समजा.

ऐपत असेल तर मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचा विचार करा. जुलै २०२१ पासून अशा केंद्रांचे नियम लागू आहेत. तिथे जड वाहनाचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत पूर्ण करायचा. सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक असतो, आणि तिथे पास झालेल्याला आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. पुण्याला भोसरीत केंद्रीय सडक परिवहन संस्था आहे, तिथेही चालकांचं प्रशिक्षण होतं. नातेवाईकांकडे राहायची सोय होत असेल तर चौकशी जरूर करा.

अप्रेंटिसशिप: कागदावरची आणि खरी

कागदावरचा रस्ता असा: राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, कंपनीशी करार करायचा, ठरलेल्या मुदतीपर्यंत दरमहा स्टायपेंड. त्यातले २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. तीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस ठेवणं बंधनकारक आहे, म्हणून मोठ्या लॉजिस्टिक कंपन्या, सिमेंट आणि वाहन उद्योग इथे चौकशी करायला हरकत नाही. ऑटोमोटिव्ह कौशल्य परिषदेचा 'कमर्शियल व्हेइकल ड्रायव्हर' हा लेव्हल चारचा अभ्यासक्रमही आहे. पुढे कंपनीच्या गाडीवर जायचं असेल तर ते प्रमाणपत्र कामाला येतं.

पण सोलापुरातले बहुतेक मालक दोन ते पाच गाड्यांचे. त्यांच्याकडे करारही नसतो आणि पोर्टलही नसतं. इथली खरी उमेदवारी क्लीनर म्हणूनच होते. तिला कमी समजू नका, आणि घरच्यांनीही 'पोरगं क्लीनर झालं' म्हणून मान खाली घालू नये.

अठरा ते वीस ही दोन वर्षं वाया घालवू नका, हे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक करा, एक वर्षाचा ट्रेड आहे. किंवा एखाद्या गॅरेजमध्ये ब्रेक, क्लच, हब ग्रीसिंगच्या कामाला लागा. ज्याने स्वतःच्या हाताने ब्रेकचे लायनर बदललेत तो घाटात ब्रेक कसे वापरायचे हे पुस्तकाशिवाय ओळखतो. अर्ध्या रात्री हैदराबाद रोडला गाडी बंद पडली तर फिल्टरमध्ये पाणी आलंय की हवा धरलीय एवढं ज्याला कळतं, त्याला मालक सोडत नाही.

वस्ताद कसा ओळखायचा

वस्तादाची गाडी उभी असताना बघा. ताडपत्री फाटकी-तुटकी पण घट्ट बांधलेली आहे का? टायर एका बाजूने खाल्लेत का? मागचे लाल रिफ्लेक्टर पुसलेले आहेत का? केबिनमध्ये कागदांची फाईल जागेवर आहे का? मग ढाब्यावर बघा. जेवणाआधी तो गाडीभोवती एक फेरी मारतो की सरळ खाटेवर बसतो? गाडी चालवायच्या दिवशी घेतो का? 'एक पेग घेतल्याशिवाय गाडी पळत नाही' म्हणणाऱ्याच्या शेजारी बसायचं नाही, मग तो तुमचा मामा असला तरी. दारू पिऊन पहिल्यांदा सापडला तर दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जीव जातो तो वेगळाच.

मालकाशी बोलताना आईवडिलांपैकी कोणी सोबत असू द्या. पगार किती, रोजचा भत्ता किती, माल कमी भरला तर कोणाच्या अंगावर, दंड कोण भरणार, महिन्यात घरी किती दिवस, हे तोंडी का होईना, स्पष्ट करून घ्या. उचल घेऊ नका. ऊसतोडीत उचलीने माणूस कसा बांधला जातो हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. गाडीवरही तेच होतं. पन्नास हजार उचल घेतली की वाईट गाडी, वाईट रस्ता, तीन रात्रींचं जागरण कशालाच नाही म्हणता येत नाही. पहिल्या वर्षी पगार कमी चालेल, पण 'नाही' म्हणायची मोकळीक हवी.

आणखी एक. ट्रान्सपोर्टचं लर्निंग हातात येण्याआधी रस्त्यावर मोठ्या गाडीचं स्टिअरिंग धरायचं नाही. वस्ताद म्हणेल, "चल, टोलच्या पुढे मोकळा रस्ता आहे, घे हातात." नम्रपणे नको म्हणा. अपघात झाला तर विमा कंपनी पैसे मालकाकडून वसूल करते, गुन्हा तुमच्यावर, आणि वस्ताद क्लीनरच्या सीटवर बसलेला होता हे कोर्टात काही कामाचं नाही. यार्डात, बंद आवारात पुढे-मागे घेण्याचा सराव करा, तेवढा पुष्कळ आहे.

क्लीनरच्या सीटवर शिकायचं काय

पहिले काही महिने शिक्षण केबिनच्या बाहेर होतं. सकाळी गाडी सुरू करण्याआधीची फेरी अशी: आधी गाडीखाली वाकून बघा, रात्रीतून तेल किंवा पाणी टपकलंय का. मग इंजिन ऑइल, कूलंट, आणि बीएस-६ गाडी असेल तर डीईएफची, ज्याला सगळे युरिया म्हणतात, पातळी. एअर टँकचा ड्रेन उघडून साचलेलं पाणी काढा. नंतर टायर. लोखंडी रॉडने प्रत्येक टायरवर ठोका. भरलेला टायर टणटणीत वाजतो, हवा गेलेला दबका. जोडीच्या टायरमध्ये आतला बसलेला असला तरी बाहेरचा वजन धरून ठेवतो, म्हणून नजरेला कळत नाही, आवाजालाच कळतं. दोन टायरांच्या फटीत दगड अडकलाय का बघा. तो सुटला की मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर बसतो. नटाभोवती गंजाची लाल रेघ दिसली तर नट सैल झालाय. शेवटी सगळे दिवे, ब्रेक लाइटसकट. सुरुवातीला या फेरीला अर्धा तास लागेल, पुढे दहा मिनिटांत होते.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून ती सोडू नका. थंड झाल्यावर टायर कमी हवेत पळतो, जास्त तापतो आणि फुटतो. हवा नेहमी सकाळी थंड टायरवर मोजा.

मग माल. वजन कुठे बसवायचं, दोर कुठून कुठे न्यायचा, साखरेला ताडपत्रीची दुहेरी घडी का लागते, कांद्याला हवा का ठेवावी लागते. दोन अॅक्सलच्या सहा टायर गाडीची एकूण मर्यादा १८.५ टन आहे, दहा टायरची २८ टन. ओव्हरलोडला वीस हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवावा लागतो तो वेगळा. काट्याची पावती स्वतः वाचायला शिका.

कागद. आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, टॅक्स, या सगळ्यांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवा. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली प्रत चालते. ई-वे बिल परराज्यात पन्नास हजारांच्या वरच्या मालाला, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. त्याची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बंद पडून दुसऱ्या गाडीत माल भरला तर नवा गाडी नंबर बिलात टाकावाच लागतो. हे न केल्याने गाड्या चेकिंगला दोन-दोन दिवस उभ्या राहतात.

आणि रिव्हर्स. मागे उभं राहून ड्रायव्हरला आरशात दिसाल अशा जागी राहा. तुम्हाला आरसा दिसत नसेल तर ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. गाडी आणि भिंत यांच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही.

स्टिअरिंग हातात आल्यावर

क्रम धीराने घ्या: पिकअप, मग आयशर किंवा टाटा ४०७, मग सहा टायर, मग दहा टायर. ट्रेलर अगदी शेवटी, कारण वळणावर त्याची मागची चाकं पुढच्यांपेक्षा खूप आतून जातात आणि रिव्हर्सला तो उलटा वळतो. प्रत्येक पायरीला आधी रिकामी गाडी, मग अर्धी, मग पूर्ण भरलेली.

एअर ब्रेकच्या गाडीत काट्यावर हवा पूर्ण बनेपर्यंत, बझर थांबेपर्यंत गाडी हलवू नका. ब्रेक सतत पंप केला की हवा खर्च होते, हे डोक्यात पक्कं बसवा.

त्याची खरी परीक्षा तुळजापूरहून सोलापूरकडे घाट उतरताना होते. गिअर घाट सुरू व्हायच्या आधी खाली घ्यायचा. भरलेली गाडी हा घाट ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरवायची. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) लावून इंजिनाने गाडी धरायची, पायाचा ब्रेक मध्येमध्ये ठामपणे दाबून सोडायचा. पाय सतत पेडलवर राहिला की लायनर आणि ड्रम तापतात, आणि मग पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. जळका वास आला तर वास येतोय तोवरच सुरक्षित जागी थांबा, चाकांना ओंडके लावा, ब्रेक आपोआप थंड होऊ द्या; तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे आजही आहेत. उतारावर वेग वाढला की गिअर परत पडत नाही, आणि तेव्हा हातात काहीच उरत नाही.

आपल्या जिल्ह्यातला दुसरा मोठा धोका ऊस. नोव्हेंबर ते मार्च रात्रीच्या अंधारात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मोहोळ, माढा, पंढरपूर पट्ट्यात हंगामात रात्री वेग इतका ठेवा की तुमच्या दिव्याच्या उजेडात थांबता आलं पाहिजे. आषाढीला पंढरपूरकडे जाणारे रस्ते जड वाहनांना वळवतात, आणि सोलापूर शहरात जड वाहनांना ठराविक वेळेतच प्रवेश असतो. निघण्याआधी पोलिसांची अधिसूचना बघा.

झोप, तास आणि अपघात

कायद्याचा साधा हिशेब आहे: दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. प्रत्यक्षात याहून जास्त ओढायला लावतात. नव्या ड्रायव्हरने निदान पहाटे दोन ते पाच गाडी उभी ठेवावी. तंबाखू-गुटख्याने झोप जात नाही, फक्त आल्याचं कळत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय. नव्या गाडीवर काम मिळत असेल तर त्याचा विचार करा, उन्हाळ्यात फरक पडतो.

अपघात झाला तर थांबा, ११२ आणि १०८ ला फोन करा, महामार्गावर १०३३. जमावाची भीती असेल तर कायदा तुम्हाला तिथे उभं राहायची सक्ती करत नाही, पण जवळच्या ठाण्यात जाऊन लगेच कळवणं भाग आहे. पळून जाणारा ड्रायव्हर छोट्या गुन्ह्याचा मोठा करतो. बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देतो, तो आजच सुरू करा.

टँकरच्या पगाराला भुलून पाकणीकडे घाई करू नका. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण, लायसन्सवर वेगळी नोंद आणि इंग्रजी वाचता-लिहिता येणंही लागतं. दोन-तीन वर्षं साधी गाडी चालवल्यावर तिकडे वळा.

एकट्याची पहिली खेप

दिवसाची घ्या, ओळखीच्या रस्त्याची, आणि गाडीच्या मर्यादेपेक्षा बऱ्याच कमी वजनाची. पुण्याचा रस्ता चांगला: चौपदरी, वाटेत थांबायला जागा, अडचण आली तर ओळखीचे ड्रायव्हर भेटतात. पहाटे घाईने न निघता उजाडल्यावर निघा. पहिला थांबा टेंभुर्णीला. उतरून प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागत असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय, वस्तादाला फोन करा आणि तो सांगेपर्यंत निघू नका. ताडपत्रीचे दोर पुन्हा ताणा, पहिल्या तासा-दोन तासांत ते हमखास सैल होतात. दुसरा थांबा भिगवणला. पुण्यात शिरायच्या वेळा मालकाकडून आधीच लिहून घ्या आणि वेळ चुकली तर हद्दीबाहेर थांबा.

माल उतरताना नग स्वतः मोजा. बिल्टीवर सही-शिक्क्यासह पोहोच घ्या, आणि एखादा नग कमी किंवा भिजलेला निघाला तर तिथेच शेरा लिहून घेऊन फोटो काढा. सोलापूरला परत आल्यावर सांगितलेलं कोणी ऐकत नाही. परतीचं भाडं लगेच मिळालं तरी रात्री निघू नका. गाडी ट्रक टर्मिनलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर लावा, जेवा, आणि सात तास झोपून सकाळी चाकांची फेरी मारूनच सेल्फ मारा.